पंखा बंद करून म्हटलेलं गाणं

चैत्रात आमच्या शेवगावात दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. दुकानदार अर्धं शटर ओढून आत लवंडलेले असतात, कडुनिंबाचा मोहोर नालीच्या पाण्यावर पडून असतो, आणि अशा वेळी लांबून कुठूनतरी एकदम आवाज येतो, "हॅलो, चेक, चेक." मग एक ठोका. खिडकीची काच थरथरते आणि परत सगळं शांत होतं. भीमजयंती जवळ आली की साऊंडवाले आपापली स्पीकरची खोकी बाहेर काढून अशी तपासून बघतात. माझा उन्हाळा कॅलेंडरवर सुरू होत नाही, या ठोक्यावर होतो.

पूर्वी तो ठोका ऐकला की मी हातातलं काम टाकून दारात यायची. आता काच हलते, मी हलत नाही. तक्रार म्हणून लिहीत नाहीये. दाढ काढताना इंजेक्शन देतात, त्यानंतर गालाला हात लावला तर गाल दुसऱ्या कुणाचा तरी वाटतो, तसं माझं बरीच वर्षं चाललं आहे. जेवण जातं, झोप लागते, गिऱ्हाइकाशी हसून बोलता येतं. नातेवाईक म्हणतात, वहिनी खंबीर आहे हो. मी त्यांना खोडून काढत नाही, कारण खोडून काढायचं म्हणजे पुढं बोलावं लागतं.

तहसीलच्या रस्त्याला माझं छोटं ऑनलाईन सेंटर आहे. उतारे, दाखले, पीकविमा, परीक्षांचे अर्ज. दिवसभर लोकांचे अंगठे मशीनवर टेकवायचे आणि सर्व्हर डाऊन आहे हे शांतपणे सांगायचं, हा माझा धंदा. त्यात गाण्याबजावण्याचा काही संबंध नाही. पण त्या धंद्यापायी माझ्याकडे एक जुना लॅपटॉप होता, आणि तो लॅपटॉप इतका मरतुकडा होता की नवीन काही टाकायला गेलं की गुदमरायचा. ब्राउझर तेवढा चालायचा. आमच्या गाण्याचा जन्म त्या गुदमरण्यातून झाला, असं म्हणायला हरकत नाही.

ज्या उन्हाळ्याविषयी लिहायला बसले, तो आठवायला गेलं की आधी शांतता आठवते. लॉकडाऊनचा पहिला एप्रिल. जयंतीचा महिना आणि एकही ठोका नाही. खोकी ताडपत्रीखाली, विहाराला कुलूप, निळ्या पताका दुकानात बांधलेल्या गठ्ठ्यातच. टरबुजं शेतात फुटून गेली, त्यांचा आंबूस वास संध्याकाळी वाऱ्यावर यायचा. आमचे हे वायरमन, त्यांना सुट्टी नव्हती. त्यामुळं दिवसभर घरात आम्ही तिघी, मी, सासूबाई आणि माझी धाकटी नणंद सुजाता. सासूबाईंना मी आईच म्हणते.

सुजाता पुण्याच्या एका कंपनीत फोनवर बोलायचं काम करायची. भाजीच्या रिकाम्या टेम्पोत बसून ती मार्चअखेर घरी आली आणि आधी काही दिवस तिला गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत राहावं लागलं. आई जिन्याच्या वरच्या पायरीवर ताट ठेवून खाली यायच्या. मग वरून आवाज यायचा, "आई, मीठ न्हाई गं भाजीत!" आणि खालून उत्तर, "मीठ हाय. तुझ्या जिभेला पुन्याची सवय झाली." खोलीत तापलेल्या पत्र्याखाली बसून ती गात राहायची. दिवसभर परक्या माणसांशी गोड आवाजात बोलून तिच्या गळ्याला जो कंटाळा आला होता, तो ती धुऊन काढत होती बहुतेक. शेजारच्या गच्चीवर वाळवण राखणाऱ्या बायका ऐकत बसायच्या.

खाली आल्यावर तिनं पहिलं काम केलं ते माझा लॅपटॉप ओढून घेण्याचं. "वहिनी, हे बघ. इन्स्टॉल न्हाई, फिन्स्टॉल न्हाई. लिंक उघडायची आणि गाणं करायचं."

मी म्हटलं, "माझ्या लॅपटॉपवर सातबारा उघडत नाही, गाणं कुठून उघडणार?"

उघडलं. पडद्यावर आडव्या पट्ट्या होत्या. एका पट्टीत ताल, एकीत पेटी, एकीत आवाज. आवाजाच्या पट्टीत मधोमध एक रेघ आणि तिच्यावर खालीवर फुगवटे. मोठ्यानं म्हटलं तर मोठा फुगवटा, हळू म्हटलं तर बारीक, गप्प राहिलं तर नुसती रेघ. मला ते लगेच कळलं. आयुष्य रकाने भरण्यात गेलेलं, हेही रकानेच होते. सुजाता गायची आणि मी भरायची. तिच्या नावाचं पहिलं अक्षर एका छोट्या गोलात तिच्या पट्टीशेजारी, माझ्या नावाचं माझ्या पट्टीशेजारी. गच्चीवर बसून ती मोबाईलवरून काही बदलायची आणि खाली माझ्या पडद्यावर ती पट्टी आपोआप सरकायची. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा मी दचकून हात मागं घेतला होता.

त्या साईटवर तयार ठेके भरपूर होते. आपल्याकडचा म्हणून जो ढोल दिला होता, तो कुणीतरी फार स्वच्छ ठिकाणी बसून वाजवलेला होता. सुजातानं तो एकदा ऐकला आणि स्वयंपाकघरातून पिठाचा पत्र्याचा डबा उचलून आणला. दोन बारीक काड्या घेऊन त्याच्यावर तिनं असा ठेका धरला की आई आतून ओरडल्या, "अगं, पीठ उडतंय समदं!" आमच्या गाण्यात आजही हलगी म्हणून जे वाजतं, तो आमचा पिठाचा डबा आहे.

आणि आवाज. मोबाईलच्या इअरफोनचा माईक, त्यात पंख्याची घरघर इतकी यायची की गाणं गिरणीत म्हटल्यासारखं वाटायचं. म्हणून नियम झाला, रेकॉर्डिंग म्हणजे पंखा बंद. बाहेरचे आवाज अडवायला सुजाता डोक्यावर गोधडी घ्यायची. एप्रिलची दुपार, पंखा बंद आणि गोधडी. बाहेर यायची तेव्हा केस कपाळाला चिकटलेले, ओठावर घाम, आणि पहिला प्रश्न, "आला का नीट?" पंख्याचं बटण दाराशेजारी होतं आणि दाराशेजारी आई बसायच्या गहू निवडत, त्यामुळं पंखा त्यांच्याकडं लागला. आम्ही गोधडी उचलली की त्या न सांगता उठून बटण बंद करायच्या. "घामानं मरताल एखाद्या दिवशी," एवढं म्हणायच्या आणि परत सुपावर वाकायच्या.

साईटवर एक खोड होती. गळ्यातून निघालेला आवाज पडद्यावर जरा मागून उमटायचा. ठेका पुढं, सुजाता मागं. मग मी तिची अख्खी ओळ माऊसनं धरायची आणि हळूहळू पुढं ओढून ठेक्यावर बसवायची, साडीच्या निऱ्या एकसारख्या करतात तशी. फार बरं वाटायचं त्या कामात. बाहेर जगात कशाचाच कशाला मेळ नव्हता आणि इथं एक ओळ तरी आपल्या हातानं जागेवर बसत होती.

गाणं जयंतीचं होतं, पण सुजाताला मिरवणुकीचं रांगडं गाणं करायचं नव्हतं. तिनं ते आईवर लिहिलं. धृपद असं होतं:

"चूल फुंकता फुंकता आई बोलली मला,
तू पुस्तकात बघ पोरी, धूर लागू दे मला."

पहिल्या कडव्यात शाळेची वाट, दुसऱ्यात ऊस खुरपायला गेलेली आई आणि बांधावर अभ्यास करणारी मुलगी. तिसऱ्या कडव्यात आईचं स्वतःचं काय, ते यायचं होतं. तिथं आम्ही अडकलो. आईला काय व्हायचं होतं, हे आम्हाला दोघींनाही ठाऊक नव्हतं. सुजातानं एकदा सरळ विचारलं. आई गच्चीवर कुरडया घालत होत्या, हात चिकानं भरलेले.

"आई, तुला काय व्हायचं हुतं गं लहानपणी?"

"मला? मला कुठं काय व्हायचं हुतं? सरक, सावली पडती कुरडईवर."

म्हणून तिसऱ्या कडव्याला चाल होती, शब्द नव्हते. तात्पुरतं म्हणून तिनं ते "ना ना ना" करत म्हणून ठेवलं होतं. चाल आधी घालून ठेवायची आणि शब्द सुचले की त्यात ओतायचे, अशी तिची पद्धत. ते "ना ना ना" रेकॉर्ड करताना, दुसरं कडवं संपून तिसरं सुरू व्हायच्या आधीच्या रिकाम्या जागेत, तिला गोधडीत वास आला. माईक चालूच होता.

"थांब गं वहिनी, दूध उतू चाललंय!"

मी हेडफोन लावून बसले होते, मला वासाबिसाचा पत्ता नव्हता. ठेका पुढं चालू होता, आणि ती बिचारी ठेका चुकू नये म्हणून लगेच "ना ना ना" वर गेली. नंतर आम्ही दोघी हसून हसून खाली बसलो. तिसऱ्या कडव्याची पट्टी वेगळी होती, तेवढी मी म्यूट करून ठेवली. शब्द सुचले की नवीन म्हणायचं असं ठरलं होतं.

जयंतीच्या आदल्या संध्याकाळी शब्द सुचलेले नव्हते. दोन कडव्यांवर गाणं संपवू, असं ठरलं. त्या संध्याकाळी खाली नेट येईना, फक्त गच्चीच्या कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीशेजारी येत होतं. लॅपटॉप टाकीवर ठेवून आम्ही दोघी अपलोडच्या रेंगाळणाऱ्या रेघेकडं बघत उभ्या होतो. लाईट गेली, आली, पान परत उघडावं लागलं, शेवटचं एकदा सगळं ऐकायचं म्हणून सगळ्या पट्ट्या चालू केल्या, मग एकदम रेंज आली आणि रेंज जायच्या आत वस्तीच्या ग्रुपवर पाठवायची घाई झाली. पाठवलं. म्यूट केलेली पट्टी परत म्यूट करायची राहिली. कुणाची राहिली, हे आम्हाला कधी कळलं नाही आणि आम्ही शोधलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तीतल्या प्रत्येकानं आपापल्या दारात मेणबत्ती लावली, पांढरे कपडे घातले, वंदना घेतली, आणि मग ठरल्या वेळी सगळ्यांनी आपापल्या गच्चीवरून मोबाईलवर आमचं गाणं लावलं. एकाचं जरा पुढं, एकाचं जरा मागं. दुसरं कडवं संपलं. आणि सगळ्या गच्च्यांवरून एकामागून एक सुजाता ओरडली, थांब गं वहिनी, दूध उतू चाललंय.  मग शेजारची म्हातारी इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. कितीतरी दिवसांत वस्तीत कुणी हसलं नव्हतं.

मी काढून टाकायला निघाले होते. सुजाता म्हणाली, "राहू दे गं. आता कुठं कुठं जाऊन काढशील?" खरंच होतं ते. गाणं ग्रुपवरून ग्रुपवर गेलं होतं. साईटवरही आम्ही ते सगळ्यांना खुलं ठेवलं होतं, म्हणजे कुणालाही आमच्या पट्ट्या घेऊन आपलं काही त्यात घालता यायचं. पाथर्डीकडच्या कुणीतरी खालून दणदणीत ठोका घातला. कुणीतरी बासरी घातली. नाव-गाव ठाऊक नसलेली माणसं आमच्या पिठाच्या डब्यावर बसून आपलं वाजवत होती. सुजाता एकेक ऐकवायची आणि म्हणायची, "बघ, गाणं नांदायला गेलं."

पुढच्या एप्रिलमध्ये ती गेली.

यावर मला फार लिहिता येत नाही, कारण माझ्याकडे फार काही नाहीच. दुसरी लाट. ताप, मग नगरचा दवाखाना, आत कुणाला सोडत नव्हते. दोन दिवस फोनवर तिचा आवाज येत होता, तुटक, ठेक्याच्या मागून येणारा. मग दवाखान्यातून येणारे फोन आमचे हे उचलायला लागले. शेवटी आम्हाला ती लांबून दाखवली, गुंडाळलेली. मी रडले नाही. रडायची वेळ निघून गेली आणि मला कळलंच नाही कधी. घरी आल्यावर मी पंख्याखाली बसले आणि पंखा कितीवर आहे, हे बघत राहिले. आईही रडल्या नाहीत. त्यांनी गहू निवडायचं सूप माळ्यावर टाकलं आणि त्या उन्हाळ्यापासून आमच्या घरी कुरडया झाल्या नाहीत.

त्यानंतर मिरवणुका सुरू झाल्या आणि गाणं परत आलं. आता त्याला भलंमोठं अंग आलं होतं. पहिलं कडवं कुणीतरी कापलेलं, सगळा वेग वाढवलेला. पण दुधाची ओळ कुणी कापली नव्हती. साऊंडवाल्यांना ती फार सोयीची होती. तिथं सगळं वाजायचं थांबतं, माणसं नाचता नाचता थबकतात, शांततेत सुजाता ओरडते, आणि मग धाड्कन ठोका पडून तिचं "ना ना ना" सुरू होतं. हळूहळू ती ओळ गर्दीच म्हणायला लागली. ट्रॉलीवरचा पोरगा हात वर करतो आणि शेकडो माणसं एका सुरात आपल्या कुठल्याशा वहिनीला दूध सांभाळायला सांगतात. ज्यांनी सुजाताला कधी पाहिलं नाही, ती माणसं. मी दारात उभी राहून ते बघायची. वाईट वाटायला हवं होतं किंवा बरं वाटायला हवं होतं. मी शेजारणीच्या साडीचा रंग बघत राहायची.

आई त्या वेळी घरात जायच्या. मिरवणूक कोपऱ्यावर आली की उठायच्या, आत जाऊन दार ओढून घ्यायच्या, आणि ठोका लांब गेला की बाहेर येऊन पाणी प्यायच्या. गेल्या सगळ्या जयंत्या अशाच गेल्या. लेकीचा आवाज त्यांना ऐकवत नाही, असं मी धरून चालले होते. आम्ही यावर बोललो नाही. एका घरात दोन सुन्न माणसं असली की घर फार नीटनेटकं राहतं, एवढं मी सांगू शकते.

यंदा जयंती मंडळाचा संदीप सेंटरवर आला. चांगला मुलगा आहे, सुजाताच्या वर्गातला. माझ्यासमोरच्या स्टुलावर बसून तो बराच वेळ रांगेतल्या माणसाचा फॉर्म बघत राहिला. मग म्हणाला, "जय भीम, वहिनी. यंदा बाहेरून पाहुने येनार हायेत. मंडळाचं म्हननं हाय, आपल्या गावचं गानं हाय तर ते नीट वाजावं. पयल्या कडव्यापासून, पुरं."

"म्हणजे?"

"म्हंजे ते दुधाचं तेवढं काढा. लोक हसत्यात. जयंतीच्या गान्यात दूध कशाला? आन् तिसरं कडवं कोनाकडून तरी म्हनून घ्या. ताईचा आवाज ऱ्हाऊ द्या, तो काढू नका." तो उठला आणि शटरपाशी थांबला. "मला तसं वाटत न्हाई, वहिनी. मंडळाचं हाय."

त्या दिवशी मी सेंटर लवकर बंद केलं आणि घरी येऊन किती वर्षांनी ती लिंक उघडली. पट्ट्या तशाच होत्या. सुजाताच्या नावाच्या अक्षराचा गोल तसाच, तिच्या पट्टीशेजारी. साईटला काही कळवलेलं नसतं कुणी. मी तिची तिसऱ्या कडव्याची पट्टी मोठी करून बघितली. आधी नुसती रेघ, मग तिच्या ओरडण्याचा मोठा फुगवटा. आणि त्यानंतर, "ना ना ना" सुरू व्हायच्या आधी, एक अगदी बारीक फुगवटा होता. तो मी कधी पाहिला नव्हता. तेव्हा आम्ही हसत होतो आणि पाठवेपर्यंत पट्टी म्यूटच होती.

हेडफोन लावले. तेवढाच तुकडा निवडला आणि आवाज वाढवत नेला. आधी नुसती खरखर, मग दुसऱ्या खोलीतून येतो तसा आईंचा आवाज.

"केलाय बंद. तू गा."

एवढंच. दुधाखालचा गॅस त्यांनी बंद केला होता. आणि लगेच सुजाता गायला लागते.

मी ते परत ऐकलं.  मी हेडफोन घेऊन दाराशी गेले. आई पंख्याच्या बटणाखाली भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"आई, ऐकता का जरा? सुजाताच्या गाण्यात तुमचा आवाज आलाय."

"मला नको," त्या म्हणाल्या. "माझं कान दुखत्यात."

"मंडळ म्हणतंय, दुधाचं काढा. काढू का?"

"तुला काय करायचं ते कर. मला इचारू नको."

म्हणून मी केलं. आधी गाण्याची दुसरी प्रत केली, धंद्याची सवय, मूळ कागदाला हात लावायचा नाही. मग त्या प्रतीतला मोठा फुगवटा निवडला, बारीकही निवडला, काढला. "ना ना ना" ही काढलं. दुसऱ्या कुणाकडून कडवं म्हणून घ्यायचं मला सुचेना, म्हणजे शब्दच नव्हते तर म्हणणार काय. त्या जागी नुसती पेटीवर चाल भरली. आधी जरा शांत जागा, मग पेटी. स्वच्छ झालं. पाहुण्यांना आवडेल असं. पेन ड्राईव्ह संदीपला दिला आणि घरी येऊन भाजी चिरायला घेतली. मला काहीही वाटलं नाही, आणि त्या काहीही न वाटण्याचीच मला त्या दिवशी पहिल्यांदा थोडी भीती वाटली.

जयंतीला दिवेलागणीला मिरवणूक आमच्या रस्त्याला लागली. पुढं लेझीमच्या मुली, मग निळ्या साड्यांतल्या बायका, मग ट्रॉली आणि तिच्यावर खोकी. मी दारात उभी होते. आई नेहमीप्रमाणं उठून आत गेल्या. दार ओढल्याचा आवाज आला. गाणं लागलं. पहिल्या कडव्यापासून, पुरं, ठरल्याप्रमाणं. चूल, धूर, शाळेची वाट. सुजाताचा आवाज इतका मोठा की छातीत वाजत होता. दुसरं कडवं संपलं. मी केलेली शांत जागा आली.

आणि त्या शांततेत, कुणी हात वर केला नाही, ट्रॉलीवरून कुणी खूण केली नाही, तरी सगळी गर्दी सवयीनं ओरडली, "थांब गं वहिनी, दूध उतू चाललंय!"

बायका, लेझीमच्या मुली, झेंडा धरलेली म्हातारी माणसं. पाहुणे इकडंतिकडं बघायला लागले. संदीपनं कपाळाला हात लावला, पण तोंड त्याचंही हललेलं मी पाहिलं होतं.

माझ्या मागून आवाज आला. हळू, आतल्या खोलीतून सांगतात तसा.

"केलाय बंद. तू गा."

मी वळले. आतलं दार किलकिलं होतं आणि त्या फटीत आई उभ्या होत्या, एक हात चौकटीवर. कान रस्त्याकडं. पुढची ओळ यायची वाट बघत होत्या. रस्त्यावर पेटी सुरू झाली. आईंच्या कपाळाला आठी पडली. थोडा वेळ त्यांनी ऐकलं, मग माझ्याकडं बघितलं.

"हितं ती ना ना ना म्हनती. ते कुठं गेलं?"

 म्हणजे दरवर्षी दार ओढून त्या आत बसत होत्या ते ऐकू येऊ नये म्हणून नाही. दारामागं उभं राहून त्या आपलं उत्तर देत होत्या आणि मग तिचं गाणं ऐकत होत्या. घरात माणसांसमोर देता येत नाही असं उत्तर.

"काढलं मी," मी म्हटलं. "मंडळानं सांगितलं होतं."

"मंडळाला काय ठावं? परत घाल."

"मूळ आहे आई. उद्या घालते."

"आत्ता घाल."

मिरवणूक कोपऱ्यावरून वळत होती. मला रडू येत होतं. नीट, आवाज करून, नाक गळेपर्यंत, शेजारीण बघत असताना. किती वेळ ते चाललं, मला माहीत नाही. आईंनी मला थांबवलं नाही, पदर दिला नाही. त्या आत गेल्या आणि टेबलावरचा लॅपटॉप उचलून जमिनीवर, दाराशेजारी आणून ठेवला, त्यांच्या जागेसमोर.

मी डोळे पुसून समोर बसले आणि मूळ गाणं उघडलं. सुजाताचा गोल आला, पट्ट्या आल्या. मी हेडफोनची वायर काढून बाजूला ठेवली, दोघींना ऐकू यावं म्हणून. बटण दाबायला हात पुढं केला तेवढ्यात आई भिंतीला धरून उठल्या आणि त्यांनी पंखा बंद केला.